१९७६ चे टॅम्पा बे बकनीअर्स: १४ पैकी १४ हरले, पण दोष कुणाचा?

टॅम्पावासी

माझं म्हणणं आधीच मांडतो, मग काय ती हाणामारी करा.

अमेरिकन फुटबॉलमधला आजवरचा सगळ्यात टुकार संघ कोणता, असं इथे कुणालाही विचारा, उत्तर ठरलेलं असतं. १९७६ चे टॅम्पा बे बकनीअर्स. एनएफएल या तिथल्या मुख्य फुटबॉल लीगमधला त्यांचा पहिलाच हंगाम. १४ सामने, १४ पराभव. पाच सामन्यांत तर भोपळाही फुटला नाही. वर्षभरात गुण केले १२५, खाल्ले ४१२.

पण नुसतं टुकार म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. हा संघ हरणार याची व्यवस्था आधीच झाली होती. मालक ह्यू कल्व्हरहाउस यांनी प्रवेश फी म्हणून १ कोटी ६० लाख डॉलर मोजले. बदल्यात मिळालं काय? जुन्या २६ संघांनी आपापले २९ खेळाडू बाजूला काढून ठेवले आणि उरल्यासुरल्यांतून टॅम्पा आणि सिएटल या दोन नव्या संघांनी ३९-३९ जण उचलले. चांगल्या संघाचा तिसावा माणूस कोण असतो? वय झालेला, गुडघा गेलेला, नाहीतर कोचशी भांडण झालेला.

वर वेळापत्रक बघा. पहिल्या वर्षी टॅम्पाला लीगच्या दोन गटांपैकी (कॉन्फरन्स) एएफसी या गटात टाकलं आणि तिथल्या उरलेल्या तेराही संघांशी एकेकदा भिडवलं. सत्तरच्या दशकात खरी दादागिरी एएफसीचीच होती. मायामीचे डॉल्फिन्स, पिट्सबर्गचे स्टीलर्स, ओकलंडचे रेडर्स सगळे तिकडेच.

तर बोला. दोष लीगचा, मालकाचा, कोच जॉन मॅके यांचा, की खेळाडूंचा?

वाचनमात्र

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

बोरिवलीचा_बाळू

हा तोच फुटबॉल ना, ज्यात पाय कमी आणि हात जास्त वापरतात? आणि दर पाच सेकंदांनी खेळ थांबवून सगळे घोळका करून उभे राहतात? चौदा वेळा हरले म्हणजे नक्की किती वाईट, ते आम्हा पामरांना कळेल असं सांगा.

टॅम्पावासी

बाळूशेठ, थोडक्यात सांगतो. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं. जमलं तर पुन्हा चार प्रयत्न, नाही जमलं तर चेंडू समोरच्याला. पार टोकापर्यंत नेला की टचडाउन, त्याचे सहा गुण. लांबून खांबांमधून लाथाडला की फील्ड गोल, तीन गुण. घोळक्यात पुढची चाल ठरते. आपल्याकडे प्रत्येक षटकानंतर फील्डिंग बदलतात तेव्हा तुम्ही तक्रार करता का?

आकडेमोड

टॅम्पावासींनी बेरीज दिलीच आहे, मी फोड देतो. फोडीत गंमत आहे.

पहिला सामना १२ सप्टेंबर १९७६, ह्यूस्टनमध्ये, ०-२०. दुसरा घरच्या मैदानावर सॅन डिएगोशी, ०-२३. तिसऱ्यात बफेलोविरुद्ध ९-१४, म्हणजे तिन्ही वेळा फील्ड गोलच. पहिला टचडाउन थेट चौथ्या सामन्यात, बाल्टिमोरला. आणि तो कुणी केला? बचावफळीतल्या डॅनी रीसने! समोरच्याच्या हातून निसटलेला चेंडू उचलून तो ४४ यार्ड पळत सुटला. आक्रमण म्हणून जे अकरा जण उभे राहायचे त्यांचा यात काडीचाही हात नव्हता. तो सामनाही १७-४२ ने गेलाच.

टॅम्पाच्या इतिहासातला टचडाउनचा पहिला पास क्वार्टरबॅकने, म्हणजे चेंडू फेकणं हेच ज्याचं काम त्याने, फेकलेला नाही, हेही ध्यानात घ्या. तो फेकला लुई कार्टर या रनिंग बॅकने. चेंडू घेऊन पळणं हे ज्याचं काम, त्याने फेकून दाखवला. क्वार्टरबॅक स्टीव्ह स्परियर बाजूला उभा.

पण मधले काही निकाल बघा. सिएटलशी १०-१३, मायामीशी २०-२३, कॅन्सस सिटीशी १९-२८. ऑक्टोबरात हा संघ जिंकण्याच्या बेतात होता. त्यानंतर मात्र बुरूज ढासळला. डेन्व्हर १३-४८, जेट्स ०-३४, क्लीव्हलंड ७-२४, ओकलंड १६-४९, पिट्सबर्ग ०-४२, न्यू इंग्लंड १४-३१. दुखापतींनी संघ पोखरला होता आणि समोर कोण, तर त्या वर्षी १३ जिंकून, एकच हरून सुपर बोल (लीगचा अंतिम सामना) जिंकणारे रेडर्स. लागोपाठच्या आठवड्यात स्टीलर्स.

खडूस_काका

लीगच्या नावाने बोटं मोडणं सोपं आहे. कोचकडे बघा जरा.

जॉन मॅके हे कॉलेज फुटबॉलमधलं बडं प्रस्थ. यूएससीत (सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठ) चार राष्ट्रीय विजेतेपदं, १९६२, ६७, ७२ आणि ७४. कॉलेजात त्यांना देशभरातली उत्तमोत्तम पोरं हात जोडून येऊन मिळायची. तिथला खाक्या जसाच्या तसा टॅम्पात आणला. तीच आय फॉर्मेशन ही मांडणी, तेच धावण्यावर विसंबणं. धावायला वाट करून देणारी धिप्पाड फळी हाताशी नाही, तर ती पद्धत चालणार कशी?

आणि पोराचं काय? मॅकेंचा मुलगा जे. के. मॅके याच संघात वाइड रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारा. यूएससीत तो बरा खेळला होता. १९७५ च्या रोझ बोल या कॉलेजच्या मोठ्या सामन्यात ओहायो स्टेटला १८-१७ ने हरवलं तेव्हा शेवटचा टचडाउन त्याचाच. पण बाप कोच आणि लेक संघात म्हटल्यावर ड्रेसिंग रूममध्ये कुजबूज होणारच. आपल्याकडे जिल्हा निवड समितीत हे झालं असतं तर तुम्हीच इथे चार धागे काढले असते.

लाल_मिरची

काका, जीभ मात्र मॅकेंची काय होती! "आम्हाला ब्लॉकिंग जमलं नाही, पण टॅकलिंगही न करून आम्ही त्याची भरपाई केली," असं त्यांच्या नावावर अजून फिरतं. (ब्लॉकिंग म्हणजे समोरच्याला अडवून वाट करणं, टॅकलिंग म्हणजे चेंडूवाल्याला पाडणं.) हरणारा कोच असावा तर असा. आमचे कोच पिचला, पावसाला आणि दव पडण्याला दोष देतात.

सिएटलची_सई

मी सिएटल सीहॉक्सवाली, त्यामुळे एक टाचणी टोचतेच. 😄

उरल्यासुरल्यातून उचलण्याची अट आम्हालाही तीच होती. तरी पहिल्या वर्षी आम्ही २ जिंकलो. त्यातला एक १७ ऑक्टोबरला टॅम्पात जाऊन तुमच्याविरुद्धच. १३-१०. त्या सामन्यात दोन्ही संघांनी मिळून पेनल्ट्यांचा पाऊस पाडला, पंचांचे हात दुखले असतील पिवळे रुमाल टाकून. शेवटच्या मिनिटात टॅम्पाला फील्ड गोल मारून बरोबरी साधता आली असती. तो अडवला आमच्या माइक कर्टिसने. हा तोच कर्टिस, जो १९७१ मध्ये बाल्टिमोरकडून खेळताना मैदानात घुसून चेंडू पळवू पाहणाऱ्या एका प्रेक्षकाला धडक देऊन आडवा करून मोकळा झाला होता.

मुद्दा असा की निवड करायला डोळा लागतो. आमचा क्वार्टरबॅक जिम झॉर्न, डावखुरा, ड्राफ्टमध्ये (संघ दरवर्षी कॉलेजची पोरं आळीपाळीने निवडतात तो) त्याला कुणी विचारलंही नव्हतं. डॅलसने कापलेला. स्टीव्ह लार्जेंटला तर ह्यूस्टनने ड्राफ्टच्या आठव्या फेरीतल्या एका पिकच्या (निवडीच्या हक्काच्या) बदल्यात देऊन टाकला. दोघांनी मिळून पुढची किती वर्षं ओढली! लार्जेंट १९९५ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेला. हिरा कचऱ्याच्या ढिगातही सापडतो, पण हात घालावा लागतो.

टॅम्पावासी

सईताई, १९९५ च्या त्याच तुकडीत हॉल ऑफ फेममध्ये आमचा ली रॉय सेल्मनही गेला बरं का. १९७६ च्या ड्राफ्टमधला पहिला खेळाडू, ओक्लाहोमाचा डिफेन्सिव्ह एंड, बचावफळीतला. दुसऱ्या फेरीत त्याचा भाऊ ड्यूई सेल्मन. म्हणजे हात आम्हीही घातला होता.

आणि तुम्ही खेळलात दुसऱ्या गटाशी, एनएफसीशी. एएफसीतले तेरा तुमच्या वाट्याला आले असते तर ते दोन विजय कुठे गेले असते?

सिएटलची_सई

एक तरी राहिलाच असता. तुमच्यासोबतचा. 😄

मृण्मयी_ओ

तुम्ही सगळे आकड्यांत अडकलात, मी जरा गावातलं सांगते. ब्रँडनहून डाउनटाउनला जाताना मी ज्या टोलच्या रस्त्याने जाते त्याचं नावच ली रॉय सेल्मन एक्स्प्रेसवे. इथल्या कित्येक नव्या लोकांना हे नाव एखाद्या राजकारण्याचं वाटतं.

आमच्या गल्लीत एक आजोबा आहेत, पहिल्या वर्षापासूनचे तिकीटधारक. त्यांच्या गॅरेजमध्ये जुन्या गाडीचा बंपर भिंतीला टांगलेला आहे, फक्त बंपर, गाडी केव्हाच भंगारात गेली. त्यावर एक स्टिकर, कडा सोललेल्या, मधली अक्षरं उन्हाने पांढरी पडलेली. लिहिलंय, मॅकेला खाडीत बुडवा. इंग्रजीत त्याचं यमक जुळतं, त्यामुळे गावभर ते चालायचं. आजोबा म्हणतात, स्टिकर लावला तरी एकही सामना चुकवला नाही. सप्टेंबरातलं फ्लोरिडाचं ऊन, बसायला अॅल्युमिनियमची बाकं, चड्डी घालून गेलात तर मांड्या भाजायच्या. दुसऱ्या सत्रात लोक त्याच बाकांवर पाय आपटून आवाज करायचे. हरतानाही.

मी विचारलं, कशासाठी जायचात? तर म्हणे, गावात दुसरं होतं काय? ही भावना आकडेमोड यांच्या तक्त्यात बसवून दाखवा.

आकडेमोड

बसत नाही. मान्य.

लाल_मिरची

अवांतर: त्या वेळचा लोगो कुणी बघितलाय का? पिसाची टोपी घातलेला एक समुद्री चाचा, दातांत खंजीर, आणि डोळा मारतोय! लोक त्याला बक्को ब्रूस म्हणायचे. टॅम्पा ट्रिब्यूनमधल्या लमार स्पार्कमन यांनी काढलेला. रंग तर विचारूच नका, ऑरेंज कँडीसारखा नारिंगी. भीती वाटण्याऐवजी हा चाचा आपल्याला कॉफीला बोलावतोय असं वाटायचं.

चाचेगिरीचं मूळ गावच्या गॅस्पारिला उत्सवात आहे. होजे गास्पार नावाच्या चाच्याची आख्यायिका, तो प्रत्यक्षात होऊन गेला याचा कागदोपत्री पुरावा नाही. तरी दरवर्षी त्याच्या नावाने गलबत घेऊन गावावर स्वारी करतात आणि मण्यांच्या माळा उधळतात.

१९९७ पासून लोगो बदलला, लाल झेंडा आणि कवटी आली. आता तेच जुने नारिंगी जर्सी अधूनमधून एखाद्या सामन्याला काढतात आणि लोक वेड्यासारखे पैसे मोजून विकत घेतात. जे रंग बघून तेव्हा लोक तोंड लपवायचे ते आता फॅशन!

गहुंजेकर

इथे येऊन गप्प बसवत नाही म्हणून. आमच्या पुणे वॉरियर्सची आठवण कुणालाच कशी झाली नाही? २०११ ला आयपीएलमध्ये आले, दहा संघांत नववे. २०१२ ला नऊ संघांत नववे. २०१३ ला नऊ संघांत आठवे, आणि मग दुकानच बंद. गुजरात टायटन्स मात्र २०२२ ला आले आणि पहिल्याच वर्षी ट्रॉफी घेऊन गेले. सोबतच्या लखनौनेही प्लेऑफ गाठला.

कारण सरळ आहे. २०२२ ला जुन्या संघांना जास्तीत जास्त चार खेळाडू राखता आले, मोठ्या लिलावाआधी नव्या दोघांना तिघेतिघे निवडायला मिळाले. चार राखणं आणि एकोणतीस राखणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. टॅम्पावासींच्या बाजूने माझं मत.

खडूस_काका

गहुंजेकर, पुण्यात सगळं नियमांमुळे हरतं आणि सगळं स्वतःमुळे जिंकतं. चालू द्या.

गहुंजेकर

काका, तुमच्या मुंबईने २००८ ला पहिले चार सामने ओळीने हरले होते, तेही पोलॉक असताना. बोलायला लावू नका.

वाचनमात्र

पॉपकॉर्न संपले. दुसरे टाकतो.

डेट्रॉईटकर

बिचाऱ्या टॅम्पाला सगळे धोपटतात. आम्ही २००८ मध्ये ०-१६ केलं. डेट्रॉईटमध्ये १९३४ पासून असलेला संघ, नवखेपणाचं कारणही नाही. कहर म्हणजे त्या वर्षी हंगामाआधीचे चारही सराव सामने आम्ही जिंकलो होतो! क्लीव्हलंडनेही २०१७ ला हुबेहूब हेच करून दाखवलं, सराव सामने ४-०, हंगाम ०-१६.

डॅलस काउबॉइज, ज्यांच्या नावाने आज अर्धी अमेरिका कॉलर ताठ करून फिरते, ते १९६० च्या पहिल्या हंगामात ०-११-१ होते. एक बरोबरी, तीही न्यूयॉर्क जायंट्सशी ३१-३१. त्यांचं नाव कुणी घेत नाही, कारण पुढे ते जिंकले. टॅम्पाचं नाव निघतं, कारण पुढच्याच वर्षीही त्यांनी हरणं थांबवलं नाही.

आकडेमोड

डेट्रॉईटकरांनी नस पकडली. १९७७ चे पहिले बारा सामनेही टॅम्पा हरलं. आधीचे चौदा धरून ओळीने २६. रात्रीच्या टीव्हीवर जॉनी कार्सनला तर आयता मसाला मिळाला, त्याच्या विनोदांमुळे फुटबॉल न बघणाऱ्यांनाही टॅम्पा माहीत झालं.

पण १९७७ चे आकडे नीट बघा. गुण केले १०३, म्हणजे आदल्या वर्षीपेक्षाही कमी. खाल्ले मात्र २२३. ४१२ वरून थेट २२३! आक्रमण आणखी रसातळाला गेलं, पण बचावाने खाल्लेले गुण एका वर्षात जवळपास अर्ध्यावर आले. सेल्मनच्या भोवती भिंत उभी राहत होती आणि टीव्हीवरच्या विनोदांच्या गदारोळात ते कुणाला दिसलं नाही.

११ डिसेंबर १९७७ ला न्यू ऑर्लिन्सच्या सुपरडोममध्ये पहिला विजय, ३३-१४. तोही बचावाच्या जिवावर. सेंट्सचे पास मधल्या मध्ये पकडून तीन वेळा थेट टचडाउन केले, माइक वॉशिंग्टन, रिचर्ड वुड आणि ग्रेग जॉन्सन यांनी. हंगाम संपल्यावर सेंट्सनी आपले कोच हँक स्ट्रॅम यांना नारळ दिला. पुढच्या आठवड्यात टॅम्पाने घरी सेंट लुइसलाही १७-७ ने हरवलं.

मृण्मयी_ओ

त्या रात्री संघ न्यू ऑर्लिन्सहून परतला तेव्हा हजारो लोक सरावाच्या मैदानावर जमले होते. आजोबाही गेले होते. नुसता एक सामना जिंकला, पण मिरवणूक विश्वविजेत्यांची. खेळाडूंना बसमधून उतरायला वाट मिळेना. आजोबांनी एका खेळाडूच्या पाठीत इतक्या जोरात थाप मारली की तो म्हणाला, दुपारी मैदानात इतकं कुणी मारलं नाही. खरंखोटं आजोबांनाच ठाऊक.

बोरिवलीचा_बाळू

आता मला हा संघ आवडायला लागला. पुढे काय झालं? की असेच हरत राहिले?

टॅम्पावासी

नाही हो! १९७८ ला डग विल्यम्स हा क्वार्टरबॅक पहिल्या फेरीत घेतला. १९७९ ला १० जिंकले, ६ हरले, आपल्या विभागात पहिले, बचाव लीगमध्ये अव्वल, सेल्मन वर्षातला सर्वोत्तम बचावपटू. प्लेऑफमध्ये फिलाडेल्फियाला २४-१७ ने हरवलं. सुपर बोलपासून एक पाऊल दूर रॅम्सकडून ०-९ ने हरले. शून्यातून चौथ्या वर्षी तिथवर. कोच कोण? तेच मॅके, ज्यांना खाडीत बुडवायचं होतं. काका, ऐकताय ना?

खडूस_काका

ऐकतोय. आणि १९७७ ला ड्राफ्टमध्ये पहिला नंबर असताना टोनी डॉर्सेट सोडून यूएससीच्याच रिकी बेलला घेतलं, तेही मॅकेंनीच. डॉर्सेट डॅलसला गेला आणि पहिल्याच वर्षी सुपर बोल जिंकला. बेल वाईट नव्हता, १९७९ ला त्यानेच ओढलं, पुढे बिचारा आजारपणात २९ व्या वर्षी गेला. तरी हिशोब हिशोब असतो.

पण या धाग्यात खरा आरोपी मोकळाच फिरतोय. कल्व्हरहाउस. पेशाने करसल्लागार वकील, आणि संघही त्याच नजरेने चालवला. डग विल्यम्सचा पगार लीगमधल्या कित्येक राखीव क्वार्टरबॅकपेक्षा कमी. १९८२ नंतर त्याने वाढ मागितली, मालकाने हात आखडला, तो दुसऱ्या लीगमध्ये निघून गेला. १९८३ पासून १९९६ पर्यंत सलग १४ हंगाम टॅम्पाने जिंकण्यापेक्षा हरण्याचंच पारडं जड ठेवलं. आणि विल्यम्स? जानेवारी १९८८ मध्ये वॉशिंग्टनकडून सुपर बोल, दुसऱ्या एकाच क्वार्टरमध्ये चार टचडाउन पास, सामनावीर. सुपर बोल जिंकणारा पहिला कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक.

लीगने १९७६ ला लंगडा घोडा दिला हे खरं. पण तो तीन वर्षांत धावायला लागला होता. त्याचा चारा पुढे कुणी तोडला?

सिएटलची_सई

काकांना +१. पण पहिल्या हंगामापुरतं विचाराल तर दोष लीगचाच, आणि याची कबुली लीगनेच कृतीतून दिलीय. १९९५ ला कॅरोलायना आणि जॅक्सनव्हिल आले तेव्हा त्यांना ड्राफ्टमध्ये जास्तीचे पिक दिले, शिवाय १९९३ पासून खेळाडू मोकळेपणी संघ बदलू शकत होते. कॅरोलायनाने पहिल्याच वर्षी ७-९ केलं आणि दुसऱ्या वर्षी दोन्ही संघ आपापल्या कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात. २००२ ला ह्यूस्टन टेक्सन्स तर पहिलाच सामना जिंकले, तोही डॅलसला १९-१० ने हरवून. १ कोटी ६० लाख घेऊन गाळ विकायचे दिवस संपले होते.

टॅम्पावासी

मग आता माझा तपशील ऐका. कल्व्हरहाउस १९९४ ला गेले, १९९५ ला ग्लेझर कुटुंबाने संघ विकत घेतला, टोनी डंजी कोच म्हणून आले आणि बचाव पुन्हा उभा राहिला. जानेवारी २००३ मध्ये रेडर्सना ४८-२१ ने हरवून पहिला सुपर बोल. हो, तेच रेडर्स, ज्यांनी १९७६ ला ४९ चोपले होते. हा संघ बांधणारा जनरल मॅनेजर कोण होता माहितीये? रिच मॅके. जॉन मॅकेंचा दुसरा मुलगा. काका, घराणेशाहीबद्दल काही बोलणार होतात ना?

खडूस_काका

बोलतो की. दोन मुलांपैकी चुकीचा आधी घेतला.